धागा: वाढे फाट्याजवळ कारवाल्याने दाबून पाडलं. जबाबात 'मुद्दाम' लिहायचं की नाही?

तारतंत्री_सातारा | १८ जानेवारी, रात्री १०:५२

मंडळी, डाव्या हाताने टाइप करतोय, ऱ्हस्वदीर्घ चालवून घ्या. जरा मोठं होणार आहे.

मी वायरमन. वय ३८. घरांचं फिटिंग, विहिरीच्या मोटरी, उन्हाळ्यात एसीची कामं. २४ डिसेंबरला संध्याकाळी लोणंद रस्त्याने साताऱ्याकडे येत होतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. त्याच्या मागे मी, माझ्या मागे पांढरी कार, हॉर्नवर हात ठेवूनच. बाजू द्यायची तर डावीकडे खडीचा ढीग. शेवटी त्याने जागा मिळवली, शेजारी येऊन काच खाली केली आणि आईवरून शिवी दिली. मीही दिली. खोटं कशाला बोलू.

पुढे जाऊन त्याने कचकन ब्रेक मारला. मी कसाबसा वाचलो. वाटलं मिटलं. पण अर्ध्या किलोमीटरवर गडी हळू चालवत माझी वाट बघत होता. मी बाजूने निघालो तशी त्याने कार डावीकडे घातली. हँडलला आरसा लागला एवढं आठवतं. पडलो तेव्हा कारचे मागचे लाल दिवे दिसले. थांबली होती. मग गेली.

उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली. उजव्या खांद्याचं हाडही गेलं. बिल १ लाख ८६ हजार, त्यातले १ लाख मेडिक्लेमने दिले. ऑपरेशनमुळे फिर्याद तिसऱ्या दिवशी नोंदली गेली. नंबरातले शेवटचे चार आकडे मला पाठ होते आणि पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली. कलमं लावलीत भारतीय न्याय संहितेची २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५(ब) (जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत), शिवाय मोटार वाहन कायद्यातली.

आता अडचण. मित्र म्हणतात, हा हाफ मर्डर आहे, पुरवणी जबाब देऊन कलम वाढवून घे. विम्यात काम करणारा एक ओळखीचा म्हणतो, 'मुद्दाम' शब्द काढलास तर कंपनी म्हणेल हा अपघातच नाही, आणि क्लेम गेला. म्हणजे त्याने जितकं जास्त वाईट केलं तितके मला पैसे कमी, असं आहे का?

दुसरं. गेल्या आठवड्यात त्याचे मामा आमच्या भावकीतल्या एकाला घेऊन घरी आले. सोबत कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा. म्हणाले ६० हजार घ्या, नोटरी करू, पोराचं लग्न ठरतंय. पेढे पोरांनी खाल्ले. सही केलेली नाही.

---

कृष्णाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:२०

दादा, आधी हाताला जपा.

मी सांगलीची. माझ्या वडिलांचा अपघात झाला तेव्हा आमच्याकडे काय होतं सांगते: मेडिकलच्या पावत्यांचा एक बोळा, आईच्या पर्समध्ये. त्यातल्या अर्ध्या पावत्यांवरची शाई उडून गेली, तो चकचकीत कागद असतो ना, त्यावरची. कोऱ्या कागदावर कोर्ट कसे पैसे देणार? आजच सगळ्या पावत्यांची झेरॉक्स काढा आणि मेडिकलवाल्याकडून सही-शिक्क्याची यादी घ्या. रिक्षा, टेम्पो, फिजिओथेरपी, सगळ्याची. आमचा दावा लोकअदालतीत चार वर्षांनी मिटला. त्यात औषधांची रक्कम हाती लागली ती फक्त जेवढी वाचता येत होती तेवढीच.

आणि मामांना पुढच्या वेळी चहा द्या, सही देऊ नका.

---

हॉर्न_प्लीज | १८ जानेवारी, रात्री ११:४१

हेल्मेट होतं का? शिवी तुम्हीही दिलीत म्हणजे टाळी दोन्ही हातांनी वाजली. बाइकवाले ट्रॉलीच्या मागे मधोमध चालतात, हे रोजचं आहे.

---

तारतंत्री_सातारा | १८ जानेवारी, रात्री ११:४८

हेल्मेट होतं, म्हणून टाइप करतोय. लायसन्स, विमा, सगळं आहे. टाळी दोन हातांनी वाजली असेल, पण प्लेट एकाच हातात आहे.

---

निवृत्त_ठाणे_अंमलदार | १९ जानेवारी, सकाळी ७:१०

नोकरीतली तीस वर्षं ठाण्यात काढली म्हणून चार गोष्टी लिहितो.

फिर्याद तिसऱ्या दिवशी झाली, याची धास्ती नको. ऑपरेशन टेबलावरचा माणूस ठाण्यात येत नाही, हे कोर्टाला कळतं. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलंय, की नुसत्या उशिरावर दावा पाडू नका. फक्त उशिराचं कारण फिर्यादीत लिहिलेलं हवं. प्रत काढून बघा.

पंपाचा कॅमेरा. ही रेकॉर्डिंगं काही दिवसांत आपोआप पुसली जातात. पोलिसांनी नुसतं पाहिलं की जप्त केलं, हे तपास अंमलदाराला विचारा. जप्त केलं असेल तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या वेळी त्याला ६५-ब म्हणायचे. ते नसेल तर कोर्टात व्हिडिओ नुसता करमणुकीचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही. तुम्हाला दवाखान्यात कुणी नेलं? त्याने तिथे काय सांगितलं? केसपेपरवरचा पहिला रकाना वाचलाय का?

---

तारतंत्री_सातारा | १९ जानेवारी, दुपारी १:३५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून बायकोला दवाखान्यात पाठवलं. केसपेपरची प्रत आणली. त्यात लिहिलंय: 'दुचाकीवरून घसरून पडल्याने दुखापत, सोबत आणणाऱ्याच्या सांगण्यावरून.'

मला एका छोट्या टेम्पोवाल्याने आणलं होतं. भला माणूस. त्याने मला पडलेला पाहिला, कार पाहिली नाही. किंवा पाहिली असेल आणि लफडं नको म्हणून बोलला नसेल. आता?

---

विम्याचा_माणूस | १९ जानेवारी, दुपारी २:०५

मी विमा क्षेत्रातला, कंपनी सांगत नाही. उलटतपासणीत आमचा वकील हाच कागद पहिला काढणार. एफआयआर दोन दिवसांनंतरची, केसपेपर त्याच दिवसाचा. 'तुम्ही घसरून पडलात आणि नंतर गाडी शोधलीत, बरोबर?' हा प्रश्न तयारच असतो. त्यात आमचं काही वैर नाही. खोटे दावेही येतात, एकाचा अपघात दुसऱ्या गाडीच्या विम्यावर बसवतात, त्यामुळे तपासावं लागतं.

'मुद्दाम'बद्दल तुमच्या ओळखीच्याने सांगितलं ते अर्धं खरं आहे. आमच्या बाजूने तो मुद्दा नक्की घेतला जातो: हा गुन्हा आहे, अपघात नाही, सबब जबाबदारी नाही. टिकतो की नाही हा पुढचा भाग.

तुमच्या स्वतःच्या बाइकच्या पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल, पण तो मृत्यू, अवयव किंवा दृष्टी जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व अशासाठी. मनगटाच्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही. उगाच तिकडे खेटे घालू नका.

---

भडंगप्रेमी | १९ जानेवारी, दुपारी ३:१५

मग सरळ 'मुद्दाम' वगळा की! जबाबात लिहा 'भरधाव वेगात निष्काळजीपणे'. सगळ्यांच्या एफआयआरमध्ये तेच असतं. पैसे मिळाल्याशी मतलब.

---

काळा_कोट_कराड | १९ जानेवारी, रात्री ९:३०

दिवसभर कोर्टात होतो, आता सविस्तर. मी अपघात दावे चालवतो, बहुतेक जखमींच्या बाजूने. तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते धरून वाचा.

भडंगप्रेमी, तुमचा सल्ला लोक सर्रास पाळतात आणि सर्रास तोंडावर पडतात. हे प्रकरण दोन कोर्टांत चालणार. फौजदारी खटला एकीकडे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दुसरीकडे. तिकडे 'जीव घ्यायला गाडी घातली' आणि इकडे 'चुकून धक्का लागला', असे दोन जबाब दिलेत की समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि तुम्हाला फक्त वाचून दाखवायला सांगतो. त्याला दुसरं काही करावंच लागत नाही.

मग काय लिहायचं? 'मुद्दाम' हा शब्द त्याच्या डोक्यातल्या गोष्टीबद्दल आहे. तुम्ही त्याच्या डोक्यात नव्हता, रस्त्यावर होता. रस्त्यावर काय झालं ते क्रमाने सांगा. हॉर्न, शिवी, तुमची शिवीसुद्धा. ब्रेक. नंतर तो हळू झाला. तुम्ही कुठल्या बाजूने निघालात, कार किती डावीकडे आली, आरसा कुठे लागला, लाल दिवे किती वेळ दिसले. यातलं काही गाळू नका आणि काही वाढवू नका. त्यावरून १२५ ठेवायचं, ११० (सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न) लावायचं की १०९ (खुनाचा प्रयत्न), हे तपास अंमलदार, सरकारी वकील आणि कोर्ट ठरवेल. 'हाफ मर्डर लावा' म्हणून तुम्ही हट्ट धरलात तर तुमच्याच कागदावर तुमचा निष्कर्ष चिकटतो.

आता विम्याचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा हा सार्वजनिक जागी वाहनाच्या वापरातून झालेल्या इजेसाठी आहे. कंपनीला कुठले बचाव घेता येतात ते कलम १५० मध्ये मोजून दिलेत: लायसन्स नाही, दारू पिऊन चालवली, पॉलिसीच्या ठरलेल्या अटी मोडल्या, असे. 'चालक चिडला होता' हा बचाव त्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा रिटा देवी निकाल आहे. रिक्षा चोरण्यासाठी रिक्षाचालकाचा खून झाला होता. कोर्टाने विचारलं, मुख्य हेतू काय होता? त्या माणसालाच मारायचं होतं तर तो निव्वळ खून. हेतू दुसराच होता आणि त्या ओघात मरण आलं, तर विम्यापुरता तो अपघात. तुमच्यात आधीची ओळख नाही, वैर नाही, जमिनीचा वाद नाही. दोन मिनिटांच्या भांडणातला संताप आहे. माझ्या मते हे प्रकरण 'अपघात' या बाजूला पडतं. कंपनी भांडेल, भांडू दे.

आणि समजा कंपनी सुटलीच, तरी चालक आणि मालक सुटत नाहीत. दाव्यात तिघांनाही जाब देणार (प्रतिवादी) करायचं. गाडी कुणाच्या नावावर आहे?

---

तारतंत्री_सातारा | १९ जानेवारी, रात्री ९:५८

त्याच्या बायकोच्या. मामा म्हणाले होते लग्न ठरतंय! आत्ता लक्षात आलं.

---

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:०२

धाकट्या भावाचं असेल हो लग्न 😄 पण पेढे पचले म्हणायचे.

---

काळा_कोट_कराड | १९ जानेवारी, रात्री १०:४०

केसपेपरबद्दल. त्यावर खाडाखोड करून घ्यायला जाऊ नका. कुणी ओळखीचा कंपाउंडर 'करून देतो' म्हणाला तर पळत सुटा. मूळ नोंद आहे तशीच राहील. तुम्ही डॉक्टरांना लेखी अर्ज द्या की मी त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, माहिती तिऱ्हाइताने दिली, प्रत्यक्ष घटना अशी आहे. त्यांनी आजच्या तारखेची वेगळी नोंद घ्यावी. 'सोबत आणणाऱ्याच्या सांगण्यावरून' हे तीन शब्द डॉक्टरांनी लिहिले हे तुमचं नशीब. बहुतेक ठिकाणी तेवढंही नसतं.

टेम्पोवाल्याला शोधा. त्याला धमकावू नका, विनवा. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्याच्यावर काही शेकत नाही, आणि साक्षीदार व्हायची सक्तीही त्याच्यावर नाही. त्याने एवढं जरी सांगितलं की 'मी पडताना पाहिलं नाही, घसरला असेल असं वाटलं म्हणून तसं बोललो', तरी पुरे. न्यायाधिकरणात पुराव्याचं माप फौजदारीसारखं 'निःसंशय' नसतं. कुठलं पारडं जड, एवढंच बघतात. उद्या तो कारवाला फौजदारीत सुटला तरी तेवढ्याने तुमचा दावा संपत नाही.

---

निवृत्त_ठाणे_अंमलदार | २० जानेवारी, सकाळी ६:५५

वकीलसाहेबांशी सहमत, एक भर घालतो. पुरवणी जबाब देताना अंमलदार संगणकावर जुना मसुदा उघडतात आणि 'भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने' हे आपोआप पडतं. सही करण्यापूर्वी वाचा. जबाब तुमच्या तोंडचा हवा. वाचून दाखवा म्हणायला लाजू नका. आणि कोणी घेतच नसेल तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोच जपा.

---

हॉर्न_प्लीज | २० जानेवारी, सकाळी ९:२०

हे सगळं ठीक, पण नंबर मिळाला म्हणून. मिळालाच नसता तर?

---

विम्याचा_माणूस | २० जानेवारी, सकाळी १०:०५

तर हिट अँड रनची २०२२ ची योजना. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. रक्कम कमी आहे, पण कागद कमी लागतात.

तुमचे उपचार होऊन गेलेत, तरी वाचणाऱ्यांसाठी: मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, ठरवलेल्या रुग्णालयांत.

---

काळा_कोट_कराड | २० जानेवारी, रात्री ८:४५

आता मुदत. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) आलं, १ एप्रिल २०२२ पासून लागू. अपघातापासून सहा महिन्यांत दावा. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमचे सहा महिने २३ जूनच्या आसपास भरतात. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी. म्हणजे तुमचा खरा महिना एप्रिल.

नियम असा आहे की पोलिसांनीच ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद निकालात त्याबद्दल पोलिसांना आणि विमा कंपन्यांना सविस्तर आदेश दिले. कागदावर छान आहे. तुम्ही मात्र स्वतःचा अर्ज दाखल करा.

कुठे? जिथे अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. तुमचं सगळं साताऱ्यातच आहे. पण सांगली-मिरजेच्या लोकांना खंबाटकीत अपघात झाला की वाटतं आता दर तारखेला साताऱ्याला एसटीने जायचं. तसं नाही. घराजवळ करा.

किती मिळेल, हे सगळे विचारतात म्हणून हिशेब मांडतो. समजा महिन्याची कमाई २० हजार सिद्ध झाली. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात (२००९) ३६ ते ४० वयाला गुणक १५. झाले ५० लाख ४० हजार. याला अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं.

इथेच खरी लढाई आहे. अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाने समजा ८ टक्के लिहिले, तर ४ लाख ३ हजार २००. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) सांगतो की शरीर किती टक्के गेलं ते नव्हे, कमाई किती टक्के गेली ते बघा. बँकेतल्या कारकुनाचं मनगट आणि शिडीवर चढून उजव्या हाताने पक्कड दाबणाऱ्या वायरमनचं मनगट एक नाही. तुमचं कमाईचं नुकसान कोर्टाने २० टक्के धरलं तर तोच आकडा १० लाख ८ हजार होतो. त्यावर उपचारखर्च, बुडालेले महिने, घरातल्या माणसाने केलेली सेवा, वेदना, हे वेगळं. व्याज दाव्याच्या तारखेपासून.

यासाठी डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही. डॉक्टर यायला तयार नसतात, त्यांची ओपीडी बुडते, हे मी रोज बघतो. आतापासून बोलून ठेवा.

मेडिक्लेमच्या १ लाखाची काळजी नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा कारवाल्याने का घ्यायचा?

---

तारतंत्री_सातारा | २० जानेवारी, रात्री ९:३०

कमाई सिद्ध कशी करू? रिटर्न कधी भरलं नाही. निम्मे पैसे रोख, निम्मे फोनवर.

---

भडंगप्रेमी | २० जानेवारी, रात्री ९:४४

एखाद्या सीएकडून मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स एकदम भरून टाका.

---

काळा_कोट_कराड | २० जानेवारी, रात्री १०:१०

भडंगप्रेमी, तुम्ही विमा कंपनीचे तर नाही ना? अपघातानंतर भरलेलं रिटर्न म्हणजे संशयाला निमंत्रण.

फोनवर आलेल्या पैशांचं तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा. तारतंत्री परवाना जोडा. ज्या दुकानातून वायर, स्विच घेता त्याची बिलं आणि खातं. दोन-तीन बांधकाम ठेकेदार साक्षीला. आणि तुम्हा लोकांची एक डायरी असते ना, कुणाकडे किती पॉइंट झाले त्याची? ती. चहाच्या डागासकट द्या, नव्या वहीत उतरवून काढू नका.

मामांचं राहिलं. उपचारासाठी काही देत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण बँकेतून, आणि पावतीवर 'उपचारासाठी आगाऊ' एवढंच. 'सर्व हक्क सोडले, तक्रार नाही' असा नोटरीचा कागद सही केलात तर तो दाव्यात तुमच्यासमोर येणार. ६० हजारांत तुमचं बिलसुद्धा निघत नाही.

वकील नेमताना: टक्केवारीवर फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. होत नाही असं मी म्हणत नाही. दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणारा एजंट आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही, या दोन्हींपासून लांब राहा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. बायकांना उत्पन्नाची अटच नाही. भरपाई थेट तुमच्या बँक खात्यात येते, वकिलाच्या नव्हे, हेही लक्षात असू द्या.

---

हॉर्न_प्लीज | २१ जानेवारी, सकाळी ८:३०

सकाळी वाढे फाट्यावरूनच गेलो. ट्रॉलीमागे एक बाइक मधोमध. हॉर्नवर हात गेला होता. काढला. एवढंच सांगायला आलो.

---

तारतंत्री_सातारा | २६ एप्रिल, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

टेम्पोवाला सापडला. कोरेगावकडचा, रोज भाजी घेऊन येतो, मार्केट यार्डात सकाळी पाचला गाठला. दोन वेळा नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी बायकोला सोबत नेलं. तिने काही मागितलं नाही, नुसतं 'तुमच्यामुळे हे वाचले' म्हणाली. तो स्वतःहून म्हणाला, 'पांढरी गाडी पुढं थांबलेली मी बघितली व्हती. पण आपल्याला कशाला, म्हणून गप ऱ्हायलो.' ठाण्यात येऊन जबाब दिला.

माझाही पुरवणी जबाब झाला. काका म्हणाले तसं 'भरधाव वेगात' आधीच छापून आलं होतं. काढायला लावलं, कारण त्या वेळी तो भरधाव नव्हताच, हळू होता. तीच तर गोष्ट आहे. अंमलदार वैतागले, पण बदललं. माझी शिवीही लिहिली. लिहिताना ते हसले. कलम ११० वाढवलंय, दोषारोपपत्र अजून व्हायचंय.

दावा २१ एप्रिलला दाखल. चालक, मालक, विमा कंपनी, तिघं. पुढची तारीख १७ जून.

---

कृष्णाकाठ | २६ एप्रिल, रात्री १०:३१

छान झालं दादा. मामा परत आले का?

---

तारतंत्री_सातारा | २६ एप्रिल, रात्री १०:३८

आले. या वेळी दीड लाख. पेढे नव्हते.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. परवा पहिल्यांदा उजव्या हाताने काम केलं. थ्री-पिन टॉप उघडून वायर बसवली. आधी मी हे बोलता बोलता दोन मिनिटांत करायचो. पंधरा लागली, स्क्रू दोनदा पडला. शिडीवर अजून जात नाही. हे अपंगत्वाच्या बोर्डासमोर सांगू की नको? घरचे म्हणतात, काम करतो म्हणालास तर टक्के कमी होतील.

---

काळा_कोट_कराड | २६ एप्रिल, रात्री ११:०५

सांगा. मिनिटांसकट.